बाहेर म्हंजे कुठं?

वायाळबाईंसमोर कुणी चुकून म्हणालं, "कचरा बाहेर टाकून आले," की बाई लगेच विचारायच्या, "बाहेर म्हंजे कुठं?"

प्रश्न साधाच होता, पण उत्तर द्यायच्या ऐवजी भलेभले काढता पाय घ्यायचे. कारण आमच्या कॉलनीत 'बाहेर' म्हणजे एकच जागा, बाईंच्या घराशेजारचा मोकळा प्लॉट. पुण्याच्या कुणीतरी कधीकाळी तो घेऊन ठेवला होता. मालकाला आम्ही कधी पाहिलं नाही. त्यानेही प्लॉट पाहायला यायची तसदी घेतली नाही, आणि एका अर्थी बरंच केलं. आला असता तर चक्कर येऊन पडला असता बिचारा.

आमचं गाव जालना जिल्ह्यातलं, तालुक्याचं. कापसाची बाजारपेठ, दोन-चार जिनिंग, आणि गावाच्या कडेला आमची शिक्षक कॉलनी. नाव शिक्षक कॉलनी असलं तरी आता तिथे बँकवाले, कृषी खात्यातले, दुकानदार सगळे आहेत. मी तहसीलमध्ये कारकून. बाईंच्या घरासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे आमचं घर. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते सगळं दारात उभं राहून पाहिलेलं आहे.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी बोट हवेत फिरवून बोलायची सवय गेली नव्हती, जसा काही खडू अजून हातातच आहे. ठेंगण्या, काटक, पदर कमरेला खोचलेला, चष्म्याला दोरी. आवाज असा की आमच्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीवरूनही ऐकू यावा. सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं. त्यांचे मिस्टर अण्णा, तेही त्यांना बाईच म्हणायचे.

माहेर टेंभुर्णीचं, घर शेतकऱ्याचं. बाईंच्या परसात अजून एक खड्डा होता आणि त्याला त्या खुशाल उकिरडा म्हणायच्या. आमच्यातल्या बायकांना तो शब्द ऐकूनच कसंतरी व्हायचं. बाई म्हणायच्या, "नाक काय मुरडता? आमच्याकडं सोयरीक करायला पाव्हणे आले की आधी उकिरडा बघायचे. उकिरडा मोठा म्हंजे गुरं बराबर, गुरं बराबर म्हंजे घर खाऊन-पिऊन सुखी. माझं लग्न उकिरड्यावर ठरलंय." यावर अण्णा आतून ओरडायचे, "अन् तेव्हापासून माझा उकिरडा झालाय!"

अण्णा जिनिंगवर फिटर होते. सगळी उमर कापसाच्या उडत्या तंतूंत गेली आणि ते तंतू छातीत घर करून बसले. निवृत्तीनंतर दम लागायला लागला. आधी जिना चढताना, मग चालताना, मग नुसतं बोलताना. पुढे ऑक्सिजनचं मशीन आलं. अण्णांना हवा लागते म्हणून पलंग खिडकीशी, आणि घराला हवेशीर खिडकी एकच. ती नेमकी प्लॉटवर उघडायची.

आता त्या प्लॉटविषयी सांगते. आमच्या कॉलनीतल्या बायका पहाटे उठून अंगण झाडतात, सडा घालतात, रांगोळी काढतात. लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहतात. दिवेलागणीनंतर केर काढत नाहीत, लक्ष्मी जाते म्हणून. असं सगळं सोवळं सांभाळून झालं, की केराची पिशवी गाठ मारून नवऱ्याच्या हातात देतात, आणि नवरा ती स्कूटीच्या हुकाला अडकवून जाता जाता प्लॉटवर भिरकावतो. गाडी थांबवायचीसुद्धा गरज नाही, सरावाने हात बसलेला. नगरपालिकेची घंटागाडी यायची, नाही असं नाही. सकाळी आली तर आम्ही आंघोळीला, दुपारी आली तर ऑफिसात, आणि ज्या दिवशी येत नसे त्या दिवशी मात्र सगळे गेटवर उभे राहून नगरपालिकेच्या नावाने खडे फोडत. मध्यंतरी कचराकुंडी मिळाली होती. सगळ्यांना कुंडी पाहिजे होती आणि कुणालाच आपल्या दारात नको होती. ती कुंडी या दारातून त्या दारात ढकलली जात जात एक दिवस कॉलनीच्या बाहेरच गेली. म्हणतात, बारा वर्षांनी उकिरड्याचासुद्धा पांग फिटतो. आमच्या प्लॉटचा काही फिटला नाही.

बाई मात्र सुरुवातीला या सगळ्याकडे वर्गातल्या वांड पोरांकडे पाहावं तशा पाहायच्या. काठीने पिशवी उघडायच्या, आत नाव-पत्ता सापडला की पिशवी उचलून त्या घराची बेल वाजवायच्या. "हे तुमचं प्लॉटवर राह्यलं व्हतं." एकदा एका पिशवीत पोराचा गणिताचा पेपर निघाला. बाईंनी आईच्या हातात पिशवी दिली आणि म्हणाल्या, "अन् पोराला अपूर्णांक बिलकुल येत न्हाईत, संध्याकाळी माझ्याकडं पाठवत जा." पोरगं काही आलं नाही. पण तेव्हापासून कॉलनीतले लोक पिशवी टाकण्याआधी नावाचे कागद फाडायला लागले. बाईंमुळे कॉलनीत सुधारणा झाली ती एवढीच.

पिशव्या पडून राहिल्या असत्या तरी एक वेळ चाललं असतं. पण ढीग वाढला की तो पेटवला जायचा, आणि पेटवायचे पाठकसाहेब.

पाठकसाहेबांबद्दल वाईट बोलायचं तर मलाच जड जातं. बँकेतून निवृत्त झालेला सज्जन माणूस. कुणाकडे दुखलं-खुपलं तर आधी यांची कार दारात. सकाळी स्वतःच्या गच्चीवर चार लोक जमवून प्राणायाम शिकवायचे. लांब श्वास घ्या, सोडा, घ्या, सोडा. तो वर्ग संपला की खाली येऊन पाला, कागद, पिशव्या, सगळं ढिगावर लोटायचे आणि काडी ओढायचे. बाई एकदा भडकून म्हणाल्या होत्या, "पाठकसाहेब, वर श्वास घ्यायला शिकवता अन् खाली तोच बंद करता, हे कुठलं शास्त्र?" पाठकसाहेब मनापासून हसले. "बाई, डास होऊन राह्यले ना. अन् अग्नी सगळं शुद्ध करतो. तुम्ही विज्ञानवाल्या, तुम्हाला काय सांगायचं?" त्यांना खरंच तसं वाटायचं. ढोंग करणाऱ्या माणसाशी भांडता येतं, मनापासून चुकणाऱ्याशी काय भांडणार?

धूर सुटला की बाई असतील तिथून धावत. तव्यावरची भाकरी तव्यावर, दूध गॅसवर. आधी खिडकी लावायच्या, फटीत ओला टॉवेल कोंबायच्या, मग घमेल्यात माती घेऊन आगीवर टाकायला जायच्या. पाणी टाकलं तर धूर जास्त होतो हे त्या एकदा टाकूनच शिकल्या होत्या. अण्णा आत पडल्या पडल्या वास घेऊन ओळखायचे. "बाई, आज थर्माकोल हाय." "आज चप्पल जळून राह्यली, पॅरागॉन नसंल, हलकी दिसतीया." "आज द्रोण! कुणाकडं बारसं झालं अन् आपल्याला बोलावलं न्हाई?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसता हसता त्यांना असा दम लागायचा, की ऐकणारा हसायचं विसरून जायचा. बाई त्यांची पाठ चोळत राहायच्या.

बाईंची शाळेतली एक गोष्ट त्यांनीच मला सांगितली होती, ती इथे सांगायला हवी. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूला एका खेड्यात त्या नोकरीला होत्या. एका अमावस्येला शाळेच्या दारात कुणीतरी टाचण्या टोचलेलं लिंबू आणि हळदकुंकवाचा भात ठेवला. पोरं आत पाऊल टाकेनात. शिपाईसुद्धा झाडाखाली जाऊन बसला. बाईंनी लिंबू उचललं, टाचण्या काढल्या, धुतलं, कापलं आणि कळशीत सरबत केलं. पहिला पेला स्वतः प्यायल्या आणि पोरांना म्हणाल्या, "मी मेले तर उद्या सुट्टी. न्हाई मेले तर उद्या चाचणी." थोडा वेळ वाट पाहून पोरं एकेक करून प्यायला आली, शेवटी कळशी पुरली नाही म्हणे. "दुसऱ्या दिवशी एका पोरीचा बाप भांडायला आल्ता," बाई सांगायच्या, "त्यालाबी पाजलं." ही गोष्ट सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. नोकरीत काय कमावलं म्हणून विचारलं असतं, तर त्यांनी हीच गोष्ट सांगितली असती.

मागच्या हिवाळ्यात अण्णांचं फार झालं. थंडीत धूर वर जात नाही, जमिनीलाच धरून बसतो. जालन्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "औषध मी देतो. पण धूर बंद झाला नाही तर माझ्या औषधाचा काही उपयोग नाही." बाई घरोघर गेल्या. भांडायला नाही, विनवायला. सगळ्यांनी बसवलं, चहा दिला, माना डोलावल्या. "बराबर आहे बाई." "आपण टाकतच न्हाई बाई, ती तिकडची लोकं टाकतेत." आमच्या सासूबाईसुद्धा असंच म्हणाल्या. पाठकसाहेबांनी तर हात जोडून शब्द दिला. दोनेक दिवस बरे गेले. तिसऱ्या सकाळी धूर होताच. पाठकसाहेबांनी नाही तर दुसऱ्या कुणीतरी पेटवलं होतं, आणि पेटवणारा कोण ते कुणी पाहिलं नव्हतं. बाई नगरपालिकेत जाऊन बसल्या. साहेबांच्या टेबलाशी इतका वेळ उभ्या राहिल्या, की शेवटी जेसीबी आला आणि प्लॉट साफ झाला. बाईंनी दारात पेढा वाटला, प्लॉटच्या तोंडाशी रांगोळी काढली, 'कचरा टाकू नये' अशी पाटी लावली. आठवडाभरात गाठ मारलेली पहिली पिशवी येऊन पडली, मग दुसरी.

त्यानंतर पौषातल्या अमावस्येला सकाळी ऑफिसला निघताना मी पाहिलं, तर प्लॉटच्या तोंडाशी फुटक्या सुपात हळदकुंकवाचा भात, काळं फडकं, बिबे, शेंदूर लावलेली लिंबं आणि मधोमध कणकेची बाहुली. माझ्याच अंगावर काटा आला. स्कूटीवाले त्या बाजूचा रस्ता सोडून पलीकडच्या कडेने चालले होते. त्यांच्या पिशव्या हुकालाच होत्या.

संध्याकाळी बाईंकडे गेले तर त्या हरभऱ्याचे घाटे सोलत बसल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, प्लॉटवर कुणीतरी काय करून ठेवलंय, पाहिलं का?"

बाईंनी मान वर केली नाही. "लिंबं बाजारातली हायेत. बाहुली सकाळच्या उरल्या कणकेची. बिबे तेवढे मागून आणले."

मी म्हटलं, "तुम्ही?"

"मी." त्या हसल्या आणि हसता हसताच थांबल्या. "रांगोळीनं झालं न्हाई, पाटीनं झालं न्हाई, पाया पडून झालं न्हाई. दोन लिंबानं झालं बघ. संगीता, जल्मभर पोरांच्या डोक्यातून जे काढलं, ते आता मोठ्यांच्या डोक्यात माझ्या हातानं घालून राह्यले मी. पण ह्यांना श्वास पायजे गं. मंग बाकीचं जाऊ दे."

आतल्या खोलीत अण्णा झोपले होते, खिडकी उघडी होती.

प्लॉटवर पिशवी पडायची थांबली. साफ थांबली. जे बोर्ड, दंड, भाषणं, स्वच्छता सर्वेक्षणाच्या वेळी रंगवलेल्या भिंती, कशाकशाला जमलं नाही, ते एका फुटक्या सुपाने केलं. मग लोक कचरा कुठे टाकत होते? काही जण नाइलाजाने घंटागाडीत, काही जण रेल्वे लाइनीकडे. बाईंना ते कळत होतं. "बाहेर सरकलं नुसतं," त्या म्हणायच्या. पण दर अमावस्येला पहाटे उठून नवं सूप मांडायच्या. अण्णांची तब्येत थोडी सावरली. होळीच्या सुमारास तर ते दारापर्यंत चालत आले आणि मला म्हणाले, "संगीता, प्लॉटवर गवत उगवून राह्यलंय, बघितलं का? हिरवं!" त्या गवताचं एवढं कौतुक मी कुणाला करताना पाहिलं नव्हतं.

उन्हाळा लागला, पाणी तुटलं, टँकर सुरू झाले. कॉलनीत कावीळ आली. पाठकसाहेबांची सून गरोदर होती, तिला कावीळ झाली. संभाजीनगरला नेलं. ती वाचली. पोटातलं बाळ गेलं, मुलगा होता. त्या घरावर जे कोसळलं ते मी शब्दात सांगू शकत नाही. गच्चीवरचा प्राणायाम बंद झाला. पाठकसाहेब गेटमध्ये खुर्ची टाकून समोर बघत बसायचे, आणि समोर प्लॉट होता, प्लॉटच्या तोंडाशी सूप होतं.

करणीनेच बाळ गेलं, हे कुणाच्या तोंडून पहिल्यांदा निघालं माहीत नाही. पण निघालं ते वणव्यासारखं पसरलं. कुणीतरी बाईंना पहाटे सूप ठेवताना पाहिलं होतं म्हणे. ज्या घरांनी बाईंना चहा पाजला होता त्या घरांची दारं त्यांना पाहून लागायला लागली. चैत्रातल्या हळदीकुंकवाला बाईंना बोलावणं आलं नाही. मी दोन-तीन घरी सांगून पाहिलं, की अहो, ते नुसतं कचऱ्यासाठी होतं. ऐकणाऱ्या एकीने मला विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?" आणि पदर सावरून आत गेली.

मग कुठल्यातरी बाहेरगावच्या महाराजांना विचारलं गेलं. त्यांनी उपाय दिला. जिथे केलं तिथेच जाळायचं, आणि प्रत्येक घरातून एकेक जुनी वस्तू आणून त्यात टाकायची, म्हणजे घरातली पीडा जाते. घराला शिवलेली, वापरून झालेली वस्तू.

तो सुट्टीचा दिवस होता. सकाळीच लोक यायला लागले. फुटक्या प्लास्टिकच्या खुर्च्या, झिजलेल्या केरसुण्या, टायर, दप्तरं, जुन्या चपला, गाद्यांचे तुकडे, पाण्याचा ड्रम. आमच्या सासूबाईंनी तडकलेला टब पाठवला होता. जो तो वस्तूला हळदकुंकू लावून, हात जोडून प्लॉटवर ठेवत होता. एवढे महिने स्वच्छ राहिलेला प्लॉट तासाभरात छातीएवढा भरला. एवढ्या शिस्तीने कॉलनीने कचरा कधी काढला नव्हता.

बाई घरातून आल्या त्या थेट ढिगासमोर उभ्या राहिल्या. आवाज तोच शाळेतला. "ऐका सगळे. हे सूप मी ठेवलंय. मीच. कचरा टाकू नये म्हणून ठेवलंय. ह्याच्यात काही न्हाई. न करणी, न भानामती. बाजारातली लिंबं हायेत."

बाई वाकल्या, सुपातलं लिंबू उचललं, शेंदूर पदराला पुसला आणि सगळ्यांदेखत ते लिंबू दातांनी फोडून चोखलं. रस हनुवटीवरून ओघळला. "बघा. काय होतंय मला? बघा!"

मला ती कळशी आठवली, ती सरबत प्यायला आलेली पोरं आठवली. इथे मात्र सगळे मागे सरकले. बायकांनी लेकरं पदराखाली घेतली. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "पाह्यलं? तिला काहीच होत न्हाई."

बाईंनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येत नाही. उरलेलं लिंबू हातात तसंच होतं.

पाठकसाहेब पुढे आले. मला वाटलं होतं ते ओरडतील, पण ते रडत होते. "बाई, बाजूला व्हा. माझा नातू गेला."

"पाण्यानं गेला, पाठकसाहेब. टँकरचं पाणी तपासून घ्या. मी तुमच्या पाया पडते." बाई खरंच वाकल्या. "इथं पेटवू नका. कुठंबी न्या, इथं नका. ह्यांना सोसायचं न्हाई."

पाठकसाहेबांनी त्यांना खांद्याला धरून उठवलं. अगदी मायेने म्हणाले, "अण्णांची खिडकी लावून घ्या तुम्ही. जरासंच पेटंल. जल्दी विझंल."

बाई घराकडे धावल्या. मागे कापूर पेटला.

ती जरासं पेटणारी आग नव्हती. टायर आणि ड्रम पेटल्यावर काळा धूर उठला आणि उन्हाळ्याच्या वाऱ्याने सरळ बाईंच्या घरावर आला. मी आणि माझे मिस्टर पोचलो तोवर बाई खिडकीच्या फटीत टॉवेल, चादर, स्वतःची साडी, जे हाताला लागेल ते कोंबत होत्या. तेवढ्यात लाइट गेली आणि मशीनचा आवाज बंद पडला. लहान सिलिंडर होता, तो लावला. अण्णांचे ओठ निळे पडले होते.

रस्त्यावर मी मदत मागायला आले, तर सगळ्यांच्या आधी कार काढली ती पाठकसाहेबांनीच. किल्ली लागत नव्हती. चौघांनी अण्णांना उचलून मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं बाईंच्या मांडीवर. गाडी वळताना काच खाली होती. अण्णांनी डोळे उघडून बाईंकडे पाहिलं आणि तुटत तुटत म्हणाले, "आज… सगळंच जळून राह्यलं, बाई."

जालना यायच्या आधीच ते गेले.

त्यानंतर कॉलनी बाईंशी फार चांगली वागली. हे मी उपरोधाने म्हणत नाही. घरात चूल पेटवायची नसते म्हणून रोज कुणाकडून तरी पिठलं-भाकरी यायची. ज्या दारांनी कड्या लावल्या होत्या त्या दारांतल्या बायका बाईंजवळ बसून डोळे पुसायच्या. पाठकसाहेबांनी तिरडीपासून राखेपर्यंत सगळं केलं, खर्चाला हात लावू दिला नाही. "दमा होताच," सगळे म्हणत होते. "सुटले बिचारे." त्या आगीचं नाव कुणी काढलं नाही. बाईंनीही काढलं नाही. मला आजही राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही, कारण सगळी आपलीच माणसं. त्यांच्याबरोबर त्याच टँकरचं पाणी मी पिते आणि घंटागाडी चुकली की माझ्याही हातात पिशवी असते.

दहावं झाल्यावर परगावी दिलेली लेक बाईंना कायमचं आपल्याकडे घेऊन गेली. त्या निघाल्या तेव्हा मी ऑफिसात होते, भेट झाली नाही. म्हणून माझ्याजवळ त्यांचं शेवटचं उरलंय ते त्याच्या आदल्या दिवसाचं.

मयताची गादी घरात ठेवू नये म्हणतात. अण्णांची गादी, उशी, ओढायची चादर पलंगावर तशीच होती. बाई पलंगाशेजारी खुर्चीवर बसल्या होत्या. मी भांडी आवरत होते. पाठकसाहेब दारात आले, चपला काढल्या, उंबऱ्याशीच थांबून म्हणाले, "बाई, गादी घरात ठेवू नये. मी बाहेर टाकून देतो."

मी हातातलं भांडं धरून थांबले. पाठकसाहेबही थांबले. इतक्या वर्षांची सवय, आम्हाला दोघांनाही पुढचं वाक्य पाठ होतं.

बाई नुसत्या म्हणाल्या, "न्या."

पाठकसाहेबांनी गादीची वळकटी केली, खांद्यावर घेतली आणि नेली. जरा वेळाने काडी ओढल्याचा आवाज आला, मग कापूस जळल्याचा वास आला. सवयीने मी खिडकीकडे धावले. एक दार ओढून घेतलं, दुसऱ्याला हात घातला.

"राहू दे उघडी," बाई म्हणाल्या.

"अहो, धूर आत येऊन राह्यला."

"येऊ दे. आता कुणाला दम लागतोय?"

मी दार सोडलं. धूर आत आला आणि रिकाम्या पलंगावरून बाईंच्या अंगावर गेला. त्या हलल्या नाहीत. डोळे चुरचुरले असतील, पण त्यांनी पुसले नाहीत. खिडकीतून समोर पाहत बसल्या होत्या. प्लॉटवर, गादीच्या आगीपलीकडे, गाठ मारलेल्या दोन नव्या पिशव्या येऊन पडल्या होत्या.